तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जंतांच्या अंड्यांत मी काय बघते?

"इतिहासाची एवढी आवड आहे, तर किल्ले बघा, ताम्रपट वाचा. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या पोटातले जंत कसले शोधता?" नातेवाईक विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात. वैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतरही प्राचीन कृमींवर हाती लागेल ते वाचते. का, ते सांगते.

आधी अंड्याबद्दल. जंत मेला की कुजतो, पण त्याच्या अंड्याचं कवच फार चिवट असतं. जुन्या शौचकूपाच्या गाळात, वाळलेल्या विष्ठेत, सांगाड्याच्या ओटीपोटाखालच्या मातीत ते हजारो वर्षं टिकतं. ती माती भिजवायची, बारीक चाळण्यांतून गाळायची आणि थेंब काचेवर घ्यायचा. व्हिपवर्म म्हणजे आतड्यात राहणारा चाबकासारखा जंत; त्याचं अंडं म्हणजे दोन्ही टोकांना बूच मारलेलं पिंपच; वीसेक अंडी ओळीने लावली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. प्रत्येक कृमीची शरीरात शिरायची वाट ठरलेली असते. म्हणून अंडं ओळखलं की त्या माणसाने काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कुठे पाय बुडवले, याचा माग लागतो.

मला सगळ्यात जवळची वाटते ती चीनच्या वायव्येकडच्या दुनहुआंगजवळची गोष्ट. तिथे श्वानछ्वानची नावाचं रेशीम मार्गावरचं ठाणं होतं. हान राजवटीत प्रवासी आणि सरकारी निरोप्ये तिथे मुक्काम करत, घोडे बदलत. त्या ठाण्याच्या शौचकूपात उत्खननात काड्या सापडल्या, टोकाला कापड गुंडाळलेल्या. शौचानंतर पुसायच्या काड्या! वाळवंटाच्या कोरड्या हवेत कापडावरची विष्ठा दोन हजार वर्षं वाळून राहिली होती. २०१६ साली संशोधकांनी ती तपासली, तेव्हा गोल जंतांच्या आणि व्हिपवर्मच्या अंड्यांसोबत चिनी लिव्हर फ्लूकची अंडीही मिळाली.

इथे मी वाचता वाचता थांबले होते. हा कृमी आधी गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत वाढतो, मग माशात जातो आणि कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाणाऱ्याच्या यकृतात मुक्काम करतो. दुनहुआंगच्या रखरखाटात त्याचं चक्र पुरं होणंच शक्य नाही. तो आढळतो तो भाग तिथून किमान दीड हजार किलोमीटर लांब. म्हणजे पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या पाणथळ मुलखात कुणीतरी मासा खाल्ला आणि तो आजार पोटात घेऊन वाळवंटाच्या कडेपर्यंत चालत किंवा घोड्यावरून आला. रेशीम मार्गावरून माणसांसोबत रोगही गेले असतील, असं पूर्वीपासून म्हटलं जायचं. इथे त्याचा पुरावाच हातात आला. त्या प्रवाशाचं नाव कुठल्याही बखरीत नाही, पण त्याचं जेवण आणि त्याची वाट मला माहीत आहे.

राजेही यातून सुटत नाहीत. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड २०१२ साली लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला, त्याच्या पोटाच्या जागेवरच्या मातीत गोल जंतांची अंडी होती. मात्र कच्च्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचं (टेपवर्मचं) चिन्ह नव्हतं, तेव्हा त्याच्या ताटातलं मांस नीट शिजलेलं असावं. केंब्रिजच्या मध्ययुगीन मठातली गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या १९ भिक्षूंपैकी ११ जणांच्या पोटात कृमी होते. शहरातल्या साध्या लोकांच्या दफनभूमीत २५ पैकी ८ जणांच्या. मठांमध्ये शौचालयं आणि हात धुवायची सोय असे, तरी हे! भिक्षू भाजीच्या वाफ्यांना मैल्याचं खत घालत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. मला तो पटतो.

या अभ्यासाची सुरुवात झाली ती इजिप्तमध्ये. १९१० साली मार्क आर्मंड रफर यांनी विसाव्या राजवंशातल्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीची अंडी दाखवली. टोकाला काटा असलेलं ते अंडं मी वर्गात मुलांना फळ्यावर काढून दाखवायचे. नाईलच्या पाण्यात उतरलं की त्याची पिल्लं कातडीतून आत शिरतात आणि पुढे लघवीतून रक्त जातं. मुलं विचारायची, "मॅडम, हे आपल्याकडे कुठे?" मी सांगायचे, रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवीला. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी तिथल्या रुग्णांची नोंद केली होती. वर्ग एकदम गप्प व्हायचा.

आणि नारू, तो दोऱ्यासारखा लांब कृमी. माझ्या आजीच्या नडगीवर नारूचा व्रण होता. बारवेचं पाणी प्यायचे सगळे. त्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवांमधून नारू पोटात जायचा आणि वर्षभराने पायाला फोड येऊन बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजायचा. आजी सांगायची, ऐन पेरणीत ती महिनाभर ओसरीवर बसून होती. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला.

मँचेस्टरच्या संग्रहालयात १७७० क्रमांकाची ममी आहे. १९७५ साली तिची वस्त्रं उलगडली. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, दोन्ही पाय कापलेले, ममी करणाऱ्यांनी जोडलेले कृत्रिम पाय. क्ष-किरणांत पोटाच्या भिंतीत चुन्यासारखा कडक झालेला एक नारू दिसला. पाय नारूमुळेच कापावे लागले असतील का, असा प्रश्न तपासणाऱ्यांनाही पडला. ते पहिल्यांदा वाचलं, त्या दुपारी मी आजीचा जुना फोटो काढून बसले होते.