सहा तारांची मोटर आणि सरकत जाणारा चौकोन

घरचा सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने हत्यार हलवणारं मशीन, बांधायचा ठरवला, तेव्हा नवीन मोटरी घ्यायच्या नाहीत हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. हाताशी जे थोडे पैसे होते ते आर्डुइनो (हुकूम देणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), ड्रायव्हर (मोटरीला करंट पुरवणारा बोर्ड) आणि बेअरिंगांसाठी राखून ठेवले, कारण या तीन गोष्टी भंगारात धड मिळत नाहीत. मोटरी मात्र मिळतात, आणि उत्तम मिळतात. फक्त कुठे शोधायच्या ते कळायला हवं.

जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, स्कॅनर आणि फोटोकॉपी मशीन यांच्या पोटात स्टेपर मोटरी असतात, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी, स्टेपने, फिरणाऱ्या. इंकजेटमध्ये बहुतेकदा निराशा होते. तिथे कॅरेज हलवायला साधी डीसी मोटर असते आणि जागा ओळखायला बारीक रेघांची पारदर्शक पट्टी. मोटरीतून दोनच तारा निघाल्या तर ती स्टेपर नव्हे, बाजूला ठेवायची. चार, पाच, सहा किंवा आठ तारा असतील तर पुढे बघायचं. प्रिंटर उघडलाच आहे तर त्यातला गुळगुळीत पोलादी रॉड, पितळी बुश, दातेरी पट्टा, लिमिट स्विच आणि पॉवर सप्लायही काढून घ्यावा. मात्र सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला असतो, त्याला लगेच हात लावू नये. मायक्रोवेव्ह तर मी उघडतच नाही. त्यातला कपॅसिटर जीव घेऊ शकतो आणि आपल्याला लागणारं असं त्यात फारसं काही नसतं.

भंगारातल्या मोटरीचं माहितीपत्रक सहसा सापडत नाही, सगळं तिच्याकडूनच काढून घ्यावं लागतं. मला या कामात सगळ्यात जास्त मजा आली. मोटर मोकळी असताना शाफ्ट बोटांनी फिरवला की दाणे दाणे लागल्यासारखा अडत अडत फिरतो. आता कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून पुन्हा फिरवायचं. शाफ्ट एकदम जड झाला तर त्या दोन तारा एकाच कॉइलच्या. मल्टीमीटर नसतानाही चार तारांच्या जोड्या अशा मिनिटभरात लागतात. मग शाफ्टला कागदाचा बाण चिकटवून २०० पूर्ण स्टेप पाठवल्या. बाण बरोबर जागेवर परत आला, म्हणजे स्टेप १.८ अंशांची. एक मोटर ४८ स्टेपमध्येच फेरी पूर्ण करायची, म्हणजे ७.५ अंशांची. ती पत्र्याच्या चपट्या डबीसारखी होती आणि ताकदही तेवढीच, म्हणून खोक्यात परत गेली.

सांगाडा प्लायवुडचा केला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कोपरे काटकोनात आणि रॉड समांतर, एवढं जपलं. स्क्रू म्हणून एम८ थ्रेडेड रॉड लावला. त्याचे आटे १.२५ मिलिमीटरचे, म्हणजे एका फेरीला तेवढंच पुढे सरकणं. त्यामुळे ए४९८८ ड्रायव्हरवर एका स्टेपचे आठ बारीक तुकडे, मायक्रोस्टेप, ठेवले तर २०० गुणिले ८ भागिले १.२५, म्हणजे मिलिमीटरला १२८० स्टेप. जीआरबीएलमध्ये, म्हणजे आर्डुइनोवर चालणाऱ्या सीएनसीच्या प्रोग्रॅममध्ये, एक्स आणि वायसाठीच्या $१०० आणि $१०१ या दोन ओळींत हाच आकडा भरला. ड्रायव्हरवरच्या, करंट मोजणाऱ्या सेन्स रेझिस्टरवर आर१०० लिहिलेलं होतं, म्हणजे ०.१ ओहम. त्या हिशेबाने व्हीरेफ, म्हणजे करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज, ०.४ व्होल्ट ठेवला की अर्धा अँपिअर मिळतो. सुरुवात तिथूनच केली आणि मोटरीला हात लावून किती तापते ते बघत राहिले. मोटरीची तार काढायची किंवा लावायची असेल तर आधी सप्लाय बंद. चालू ड्रायव्हरची तार सुटली की तो जळतो. माझा एक असाच गेला.

स्पिंडलच्या (हत्यार फिरवणाऱ्या मोटरीच्या) जागी पेन बांधून चौकोन काढायला लावला. पहिला सुरेख आला. त्याच रेघांवर दहा वेळा काढ म्हटलं, तर दर फेरीला चौकोन वाय दिशेने थोडा थोडा खाली सरकत गेला. कागदावर जिना उतरल्यासारखं दिसत होतं.

मी आधी दोष स्क्रूला दिला. नट सैल असेल, लॉस्ट मोशन (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) असेल, म्हणून दोन नटांमध्ये स्प्रिंग घालून तो घट्ट केला. चौकोनाचे कोपरे सुधारले, सरकणं मात्र थांबलं नाही. तेव्हा फरक लक्षात आला. नटाचा सैलपणा दिशा बदलताना ठरावीक तेवढीच चूक करतो, ती साठत नाही. साठत जाणारी चूक म्हणजे मोटर स्टेप गाळते आहे. सप्लाय बंद करून एक्स आणि वायचे ड्रायव्हर अदलाबदल केले. सरकणं वायमध्येच राहिलं, म्हणजे ड्रायव्हर निर्दोष. वेग मिनिटाला ३०० मिलिमीटरच्या खाली आणला की सगळं सुरळीत, वर नेलं की पुन्हा जिना.

एक्सची मोटर चार तारांची होती आणि वायची सहा. सहा तारांच्या मोटरीत प्रत्येक कॉइलला मधून एक तार काढलेली असते. मी मधल्या दोन्ही तारा टेप लावून सोडून दिल्या होत्या आणि टोकांच्या चार वापरत होते. मल्टीमीटरवर टोक ते टोक ९ ओहम, टोक ते मध्य साडेचार. पूर्ण कॉइल वापरली की कमी वेगात जोर जास्त मिळतो, पण वेटोळे दुप्पट म्हणजे इंडक्टन्स, करंटच्या बदलाला होणारा विरोध, चौपट. वेग वाढला की प्रत्येक स्टेपला करंट चढायला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि जोर ढासळतो. माझा सप्लायही जुन्या संगणकातला, १२ व्होल्टचा. म्हणजे करंट ढकलायला रेटाही कमीच.

मग टोकाच्या दोन तारा सोडल्या, मधल्या तारा जोडल्या आणि अर्धी कॉइल वापरली. तेवढाच जोर हवा तर करंट दुप्पट लागतो, पण मोटर आधीइतकीच तापावी तर सुमारे १.४ पटच चालतो, म्हणून व्हीरेफ ०.५६ केला. त्या ड्रायव्हरवर छोटा हीटसिंक चिकटवला. सप्लाय बदलून प्रिंटरमधला २४ व्होल्टचा लावला. मोटर कमी व्होल्टची दिसली तरी चालतं, कारण ए४९८८ करंट कापून मर्यादेत ठेवतो आणि तो स्वतः ३५ व्होल्टपर्यंत सोसतो. $१११ मध्ये वायचा वेग ६०० केला आणि तोच चौकोन ५० वेळा काढायला लावला. मी शेजारी बसून होते. पन्नासाव्या फेरीला पेन पहिल्या रेघेवरच होतं, आणि कागद तिथे घासून फाटायला आला होता.

झेडसाठी, म्हणजे वरखाली हालचालीसाठी, आधी डीव्हीडी ड्राइव्हमधली इवलीशी स्टेपर लावली होती. फेरीला २० स्टेप आणि स्क्रू फेरीला ३ मिलिमीटर सरकवणारा. पेन उचलायला ती झकास. स्पिंडल चढवला आणि वीज बंद केली की सगळं वजन हळूहळू खाली घसरायचं. तिथेही एम८ रॉड घातला. त्याचे बारीक आटे वजनाने उलटे फिरत नाहीत, त्यामुळे आता वीज गेली तरी टूल जागच्या जागी राहतं.

सध्या मशीनवर सर्किट बोर्ड कोरते आहे. खोक्यात आणखी काही मोटरी आहेत. प्रत्येकीच्या अंगावर मार्करने तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: फेरीच्या स्टेप, कॉइलचे ओहम आणि तारांच्या जोड्यांचे रंग. सहा तारांच्या मोटरींवर मधली तार कुठली, तेही.