मिलानचं हॉटेल आणि आमचा पेंढा

काल रात्री लाईट गेलेली, बाहेर पाऊस धो धो, आणि मी मोबाईलवर इटलीतल्या मिलानच्या हॉटेलांबद्दल वाचत बसलो, गुहागरला घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो ना आम्ही, त्यामुळे हा नाद आहेच मला. फॅशनचं शहर, तिथे फाईव्ह स्टार हॉटेलं ढीगभर, पण जीव अडकला तो ग्रँड हॉटेल ए द मिलानमध्ये. १८६३ सालचं. ला स्काला ऑपेरा हाऊस तिथून चालत जाण्यासारखं, म्हणून संगीतकार वेर्दी वर्षानुवर्षं तिथेच उतरायचे. जानेवारी १९०१ मध्ये तिथेच ते आजारी पडले तेव्हा खालच्या रस्त्यावर पेंढा पसरला होता, घोडागाड्यांच्या चाकांचा आवाज त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून! २७ तारखेला ते गेले.

मला आजीच आठवली एकदम. ती आजारी होती त्या श्रावणात पडवीच्या पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजायचा, तिचा डोळा लागेना, मग बाबांनी भिजत वर चढून पेंढा अंथरला, त्यावर झावळ्या टाकून सुंभाने बांधल्या. आवाज निम्मा झाला, आजी झोपली.

झुंबरं, संगमरवर असतंच हो, पण पाहुण्याच्या झोपेसाठी ज्याच्या दारचा रस्ता झाकला गेला ते हॉटेल मला खरंच मोठं वाटलं. आमच्या मागच्या खोलीवर अजून पत्राच आहे, पावसाळा सरला की कौलं घालायचीत.