दिवसा ठणठणीत, रात्री गायब

पुण्याच्या बायपासवर चांदणी चौकाच्या अलीकडच्या एका गॅन्ट्रीची, म्हणजे रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या बोर्डाच्या कमानीची, तक्रार आली होती: बोर्डावरचं ‘मुळशी’ रात्री दिसत नाही. तक्रार करणारे सगळे ट्रकवाले. कारवाल्यांचं काहीच म्हणणं नाही. दिवसा पाहिलं तर हिरवा रंग शाबूत, पांढरी अक्षरं स्वच्छ.

चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे रॅम्प सुरू झाले. रस्ते असे बदलले की अख्खा बोर्ड नवा करण्याऐवजी नाव आणि बाण यांच्यापुरता पॅच मारण्याकडे कल असतो. इथेही तेच झालं होतं.

पहिली तपासणी टॉर्चने. टॉर्च डोळ्याला अगदी खेटून धरायची. हात लांब करून धरली तर काही कळत नाही, कारण बोर्डावर चिकटवलेल्या चमकणाऱ्या शीटमधले बारीक प्रिझम प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात. ट्रकचा ड्रायव्हर हेडलाइटच्या बराच वर बसतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यापर्यंत मुळातच कमी उजेड पोचतो. डोळ्याजवळ टॉर्च धरून ‘मुळशी’ ठीक दिसलं. ती हळूहळू खाली छातीपर्यंत नेली तसं ते एकटंच विझत गेलं.

मग लेन बंद करून बूम लिफ्टने वर. बोर्डाची खालची कड रस्त्यापासून साडेपाच मीटरवर, त्यामुळे खालून जे दिसत नाही ते वर नाकासमोर येतं: शीटमधली बारीक नक्षी बोर्डभर उभी आणि पॅचवर आडवी. शीटचा रोल १.२२ मीटर रुंद असतो. उरलेल्या पट्टीत नाव आडवं बसवलं की माल वाचतो. पॅच पांढऱ्या शीटवर हिरवी पारदर्शक फिल्म चढवून केलेला, म्हणून अक्षरं आणि पार्श्वभूमी दोन्ही मंद. दव पुसून परत येणारा उजेड मोजणारा मीटर लावला. दिवा आणि डोळा यांच्यातला कोन ०.२ अंश धरला, म्हणजे लांबच्या कारच्या हिशेबाने, तर फरक मामुली. १ अंशाला आकडा कोसळला. मीटरच नव्वद अंशात फिरवून टेकवला, तर परत वर आला. शीट खराब नव्हती, फिरलेली होती. बिल पास करताना फक्त ०.२ चं रीडिंग घेतात, तिथे हे सापडणारच नाही.

जागेवर पॅच उपटण्याच्या फंदात पडू नये. हीटगनने तो निघतो, पण खालची शीट ओरखडते, आणि थंड, दमट पत्र्यावर नवा गोंद धरत नाही. थिनर तर अजिबात नको, शीट फुगते. त्यापेक्षा वर्कशॉपमध्ये २ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नाव तयार करायचं, स्क्वीजी, म्हणजे दाबायची पट्टी, मधून कडेकडे फिरवून हवा काढायची आणि तो पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्याच रिव्हेटने जुन्यावर ठोकायचा. साधा लोखंडी नट-बोल्ट लावला तर पावसाळ्यात तिथून पत्रा खायला सुरुवात होते.

आता शीटच्या उरलेल्या तुकड्याच्या मागच्या कागदावर रोलच्या दिशेचा बाण मार्करने काढलेला नसेल, तर तो कटिंगला जात नाही.