डच चित्रकर्तींच्या शोधात: हेग, अ‍ॅमस्टरडॅम आणि थोडं लारेन

नेदरलँड्सला जाणारे बहुतेकजण रेम्ब्रांट, फर्मीर आणि व्हॅन गॉग बघून, ट्यूलिपचे फोटो काढून परततात. आम्ही गेलो ते एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रकर्तींसाठी. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी मावशी. तिनं नोकरीची सगळी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. याच वाटेनं कुणाला जायचं असेल तर आधीच सांगते, या बायका एका छताखाली भेटत नाहीत. एक चित्र इथं, दोन तिथं, आणि पुष्कळशी संग्रहालयांच्या गोदामात. त्यामुळे निघण्यापूर्वी थोडा गृहपाठ लागतो.

तो असा. प्रत्येकीच्या नावाचं डच स्पेलिंग फोनमध्ये लिहून ठेवा आणि संग्रहालयाच्या वेबसाइटवर ते टाकून शोधा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमचा बहुतेक संग्रह ऑनलाइन आहे. चित्र सध्या भिंतीवर आहे का आणि कुठल्या दालनात, हे तिथं कळतं. जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण चित्रं बदलत राहतात, प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जातात.

तुमच्याकडे एकच दिवस असेल तर अ‍ॅमस्टरडॅम सोडा आणि हेगला जा. अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रलहून रेल्वेनं साधारण पाऊण-एक तास. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, काँटॅक्टलेस बँक कार्ड फाटकाला टेकवून आत जायचं. मात्र उतरल्यावर पुन्हा तेच कार्ड टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. दोघं असाल तर दोन वेगळी कार्डं लागतील.

हेगमध्ये स्टेशनवरून चालत वीसेक मिनिटांवर झेस्ट्राट नावाच्या रस्त्यावर 'पॅनोरमा मेस्डाग' आहे. अंधाऱ्या वाटेनं जाऊन गोल जिना चढलात की एकदम वाळूच्या टेकडीवर उभे असता आणि चहूबाजूंनी हेगजवळच्या स्खेव्हेनिंगेनचा किनारा, समुद्र, होड्या, गाव. सुमारे १४ मीटर उंच आणि १२० मीटर घेराचं हे एकच गोलाकार चित्र १८८१ मध्ये काही महिन्यांत रंगवलं गेलं. पायाशी खरी वाळू पसरलेली आहे, त्यामुळे वाळू कुठं संपते आणि कॅनव्हास कुठं सुरू होतो, ते डोळ्यांना सापडत नाही.

नाव हेंड्रिक विलेम मेस्डागचं. पण चित्र त्यानं एकट्यानं काढलेलं नाही. ब्राइटनर, द बोक, ब्लोमर्स हे त्याचे मदतनीस होते, आणि स्खेव्हेनिंगेनचं गाव रंगवलं ते त्याच्या बायकोनं, सीन्त्ये मेस्डाग-व्हान हाउटेननं. समुद्राकडे पाठ करा आणि तिच्या गावाला वेळ द्या. लोक वळून वळून समुद्राकडेच जातात, आणि ही लाल कौलं मात्र बघायची राहून जातात. मग किनाऱ्यावर एक पांढरी छत्री शोधा. तिच्याखाली ईझल मांडून चित्र काढत बसलेली बाई म्हणजे सीन्त्येच. नवऱ्यानं तिला तिथं रंगवलं ते हातात ब्रश असलेली चित्रकर्ती म्हणून, आणि मला ही त्या पूर्ण चित्रातली सर्वांत मोलाची जागा वाटते. चित्रावर उजेड वरच्या काचेच्या छतातून येतो, म्हणून बाहेर ढग आला की आत समुद्रावरही सावली पडते. ऊन-सावलीच्या दिवशी, दुपारच्या आत जा. हिवाळ्यात उजेड लवकर उतरतो, हे विशेष लक्षात असू द्या.

सीन्त्येचा जन्म १८३४ चा, ग्रोनिंगेनचा. ती गंभीरपणे चित्रकलेकडे वळली ती पस्तिशीनंतर. १८७१ मध्ये एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला. पुढं ती ओसाड माळरानं, मेंढ्यांचे वाडे, फळाफुलांची चित्रं रंगवत राहिली. ती बघायला तिथून पायी दहाएक मिनिटांवरचं 'द मेस्डाग कलेक्शन' गाठा. या जोडप्यानं जमवलेला संग्रह, त्यासाठी बांधलेल्या इमारतीसकट, दोघांनी १९०३ मध्ये सरकारला दिला. कोरो, मिले, दोबिन्यी अशा फ्रेंच मंडळींच्या गर्दीत तिची चित्रं आहेत. हे छोटं संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, तेव्हा हेगचा दिवस त्याच्या वेळापत्रकावरून ठरवा.

तिसरा मुक्काम हेगचं कुन्स्टम्यूझियम. बर्लाखेनं बांधलेली पिवळ्या विटांची इमारत, सोमवारी बंद. लोक तिथं अमूर्त चित्रकार मोंद्रियानसाठी जातात, आम्ही गेलो सूझ रॉबर्टसनसाठी. १८५५ ते १९२२ हा तिचा काळ. रॉटरडॅमला मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. तिथल्या अकादमीत नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्याच्या वर्गात बसायचा तिनं हट्ट धरला, तेव्हा बाईनं असल्या वर्गात यावं की नाही यावरून गदारोळ झाला. ती बसलीच. १८८३ मध्ये तिनं पगाराची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चित्रकार झाली. वडिलोपार्जित पैसा पाठीशी नसलेल्या बाईनं त्या काळात हे करणं म्हणजे काय, हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार.

रॉबर्टसनच्या बायका कष्टकरी आहेत. अंधाऱ्या घरात कामाला बसलेल्या, थकलेल्या, आणि ज्यांना कुणी गोड दिसायला सांगितलेलं नाही अशा. रंगाचे थर इतके जाड की बाजूनं बघितलं तर चित्राला चढउतार दिसतात. मावशी एका चित्राजवळ तिरपी उभी राहिली ती हलेचना. "ब्रश कमी आणि सुरी जास्त चाललीय गं इथं," ती म्हणाली. "आणि पांढरा बघ, कुठंच नुसता पांढरा नाही." मग मलाही चित्रातल्या बाईच्या टोपीतला राखी, पिवळा, मातकट रंग दिसायला लागला. माझ्या मते या सगळ्या पिढीत रॉबर्टसन सर्वांत मोठी. तिची तुलना व्हॅन गॉगच्या सुरुवातीच्या शेतकरी चित्रांशी खुशाल करा, ती कमी पडत नाही. तिचं एकही चित्र भिंतीवर नसेल तर मात्र कुन्स्टम्यूझियमची फेरी पुढं ढकला.

आता अ‍ॅमस्टरडॅम. राइक्सम्यूझियमचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच काढा. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. इमारतीखालच्या बोगद्यातून सायकलींचा रस्ता जातो आणि सायकलवाले थांबत नाहीत, जरा जपून. इथल्या मानाच्या दालनात तीन चित्रकर्तींची चित्रं लागली ती थेट ८ मार्च २०२१ ला, आणि त्या तिघी आधीच्या शतकांतल्या. आपल्याला हवं ते एकोणिसावं शतक पहिल्या मजल्यावर.

इथं टेरेझ श्वार्त्झे (१८५१–१९१८) शोधा. वडील चित्रकार, तेच पहिले गुरू. ते १८७४ मध्ये गेल्यावर घर तिच्या ब्रशवर चाललं. पुढं राणी एमा आणि विल्हेल्मिना यांची व्यक्तिचित्रं तिनं केली, आणि देशातल्या सर्वांत जास्त मागणी असलेल्या चित्रकारांत ती गणली गेली. राजघराण्यापेक्षा मला तिच्या अनाथाश्रमातल्या तीन मुली जास्त आवडतात. १८८५ चं चित्र आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या अनाथाश्रमाचा अर्धा लाल, अर्धा काळा गणवेश त्यांच्या अंगावर आहे. शहरात कुठंही ओळखू यावा असा तो पोशाख, पण श्वार्त्झेनं चेहरे एकसारखे होऊ दिले नाहीत.

हेन्रिएट रोनर-क्निपची (१८२१–१९०९) मांजरं इथंच आहेत. एक मांजर डॉमिनोच्या सोंगट्यांशी खेळतंय. गोंडस म्हणून पुढं जाऊ नका, पंज्याचं वजन कसं टाकलंय ते बघा. मांजरांचं निरीक्षण करायला तिनं खास काचेची पेटी करून घेतली होती. वडिलांची दृष्टी गेल्यावर तिनं लहान वयातच चित्रं विकून घराला हातभार लावला. म्हणजे श्वार्त्झे काय आणि ही काय, यांची कला हा फावल्या वेळचा छंद नव्हता, रोजीरोटी होती. 'लेडीज पेंटर' म्हणून त्यांना बाजूला ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

वेळ उरला तर हिल्व्हरसमपर्यंत रेल्वे आणि पुढं बसनं लारेन. वॉली मूस (१८५६–१९१८) या गावात राहून इथल्या घरांमधल्या बायका-मुलांची चित्रं काढायची. इथलं सिंगर संग्रहालयही सोमवारी बंद असतं. गाव टुमदार आहे, पण मूसची चित्रं लागलेली असतील तरच जा.

त्यापेक्षा अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेला 'द न्यूवे ओस्टर' दफनभूमीत श्वार्त्झेच्या समाधीवर जाणं मला जास्त मोलाचं वाटलं. तिकीट नाही. तिथलं शिल्प तिच्या सख्ख्या बहिणीनं, शिल्पकार जॉर्जिन श्वार्त्झेनं केलं. आवार मोठं आहे, तेव्हा फाटकाशीच नकाशा मागून घ्या आणि समाधीची जागा त्यावर खूण करून मागा. ट्राम जवळ सोडते. राइक्सम्यूझियम सकाळी उघडताच केलंत तर हे दुपारी सहज होतं, आणि हेगला पूर्ण दिवस मोकळा राहतो. तो दिवस सोमवार ठेवू नका.