मीठ न खाणाऱ्या माणसाचं सोडियम

फाईलवर डॉक्टरांचा शेरा होता: ‘रोजचं मीठ साधारण साडेअकरा ग्रॅम. पथ्य पाळत नाहीत. समुपदेशन करावं.’ रुग्ण साठी ओलांडलेले, रक्तदाबाची तीन औषधं चालू (अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन), तरी दाब 162/94. चौथी गोळी सुरू करायची की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. त्याआधी आहारतज्ज्ञ म्हणून मी त्यांना चार शब्द सुनवावेत, अशी अपेक्षा.

काका आणि काकू दोघंही आत आले. मी ‘मीठ’ म्हणायचा अवकाश, काकूंचा बांध फुटला. “मॅडम, वर्ष झालं, स्वयंपाकात मीठ मोजून टाकते. पाकिटातलं सगळं बंद केलंय. आता हे बाहेर जाऊन काय खातात ते देव जाणे!” काका काही बोलले नाहीत. संशयाची सवय झालेल्या माणसासारखे खाली बघत बसले.

खरं सांगायचं तर ‘मी मीठ खातच नाही’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. लोक खोटं बोलतात असं नाही. पण बरंचसं मीठ तयार पदार्थांतून येतं आणि ते कुणी मोजत नाही. म्हणून तर चोवीस तासांची लघवी तपासतात. खाल्लेल्या सोडियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे आहाराच्या डायरीपेक्षा लघवी साठवायचा हा कॅन जास्त खरं बोलतो. अर्थात लघवी पूर्ण गोळा केलेली असेल तर. सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी साठवायची. मी आधी क्रिएटिनिन पाहिलं, म्हणजे स्नायूंतून तयार होऊन रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीतून जाणारा पदार्थ. वजनाच्या मानाने बरोबर होतं, म्हणजे गोळा करण्यात गफलत नव्हती.

सोडियम 198 मिलिमोल (हे वजनाचं नाही, कणांच्या संख्येचं माप). एक ग्रॅम मिठात सुमारे 17 मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे डॉक्टरांचा साडेअकरा ग्रॅमचा हिशोब चोख. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. पण खालच्या ओळीवर माझी नजर अडली. क्लोराइड 96.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, एकास एक. माणूस मीठ खात असेल तर लघवीतले हे दोन आकडे साधारण हातात हात घालून चालतात. इथे एक दुसऱ्याच्या दुप्पट. नेहमीच्या लघवी तपासणीचा कागद मागे टाचलेला होता. त्यात पीएच 7.8, म्हणजे चांगलीच अल्कधर्मी. क्लोराइडवरून मीठ मोजलं तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास येत होतं. काकूंच्या स्वयंपाकघराचा हिशोब जवळपास बरोबर होता. उरलेलं शंभरेक मिलिमोल सोडियम मिठातून आलेलंच नव्हतं, आणि अल्कधर्मी लघवी सोड्यासारख्या कशाकडे तरी बोट दाखवत होती.

“काका, पित्तासाठी सोडा वगैरे घेता का?”

“नाही.”

“पाण्यात टाकून पिण्यासारखं दुसरं काही?”

“ती गुडघ्याची गोळी. फसफसणारी. पण ती साधी पॅरासिटामॉल आहे, डॉक्टरांनीच चालेल म्हटलंय.”

दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी दोन. औषधांच्या यादीत तिचं नावही नव्हतं, कारण दुखण्याची साधी गोळी हे लोकांच्या लेखी औषधच नसतं. त्यांच्याकडची स्ट्रिप मागून घेतली. गोळी फसफसते ती सोडियम बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आल्यामुळे, आणि अशा एका गोळीत साधारण 400 मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. सहा गोळ्यांचे झाले 2400 मिलिग्रॅम, म्हणजे 104 मिलिमोल. 198 वजा 96 म्हणजे 102. मी कॅल्क्युलेटर काकूंच्या पुढे सरकवला. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग काकांकडे. इतक्या वेळात काका पहिल्यांदा हसले.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. बायकार्बोनेट किंवा सायट्रेटबरोबर येणारं सोडियम मिठातल्या सोडियमइतका दाब चढवत नाही, असं दाखवणारे प्रयोग आहेत. त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडायला मी तयार नव्हते. मात्र सोडियमयुक्त फसफसत्या औषधांचा उच्च रक्तदाबाशी संबंध 2013 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या ब्रिटिश पाहणीत दिसला होता. शिवाय काकांच्या रिपोर्टात आणखी एक आकडा खुपत होता: लघवीतलं पोटॅशियम फक्त 36 मिलिमोल. आहारातून 90 तरी यावं असं धरतात. लघवीत त्यातलं तीन चतुर्थांशच दिसतं हे लक्षात घेतलं तरी हे फारच तोकडं.

कारण लगेच कळलं. कुणीतरी ‘बीपी म्हणजे किडनीला धोका’ सांगितल्यावर काकूंनी फळं बंद केली होती आणि भाज्या उकळून पाणी ओतून द्यायला सुरुवात केली होती. पोटॅशियम नेमकं त्या पाण्यात जातं. ते पथ्य मूत्रपिंडं थकलेल्यांचं. काकांची मूत्रपिंडं उत्तम होती. उलट पोटॅशियम कमी पडलं की मूत्रपिंडाच्या नलिकांमधली सोडियम-क्लोराइड परत आत ओढणारी यंत्रणा जोर धरते. क्लोरथॅलिडोन जे दार बंद करायला बघत होतं, तेच दार आहार आतून ढकलून उघडत होता.

काकूंनी मग पोटॅशियमवाल्या मिठाचं विचारलं. चीनमधल्या 600 गावांत झालेल्या प्रयोगात तशा मिठाने पक्षाघात कमी झाले, हे 2021 साली प्रसिद्ध झालं आहे. गोष्ट चांगली आहे. पण टेल्मिसार्टन रक्तातलं पोटॅशियम वाढवतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासून होकार देईपर्यंत थांबा म्हटलं. आधी फळं, कडधान्यं आणि पाणी न फेकलेली भाजी.

डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “क्लोराइड कुणी मागवलं होतं?” कुणीच नाही. लॅबच्या पॅकेजमध्ये होतं म्हणून आलं. चौथी गोळी थांबली. फसफसत्या गोळीऐवजी गिळायची साधी पॅरासिटामॉल आली. पुढच्या भेटीत दाब 140/86. त्यात गोळीचा वाटा किती आणि भाजीचा किती, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच बदललं होतं.

काकांची तक्रार मात्र कायम होती. साधी गोळी उशिरा लागू पडते म्हणाले, आणि ते खरंच आहे, विरघळलेलं औषध लवकर शोषलं जातं. आयब्युप्रोफेन सुरू करू का, असं विचारत होते. ते तर मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं, आणि टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनच्या जोडीला मूत्रपिंडावर भारीही पडू शकतं. गुडघ्यांसाठी त्यांना फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळाली. व्यायाम करतात की नाही, ते काकू सांगतीलच.