सुसरबाईच्या कुंपणापाशी

भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात शिरलेली गर्दी आधी पांढऱ्या वाघाकडे धावते. सुसरींच्या तळ्याशी फारसं कुणी रेंगाळत नाही. ‘हलतच नाही, प्लॅस्टिकची असेल’ असा शेरा मारून मंडळी पुढे. कुणी जाताजाता नाणं भिरकावतं. सुसरीने ते गिळलं तर पोटात तसंच पडून राहतं.

1980 साली इथे साध्या पिवळ्या वाघाच्या जोडीला पांढरे बछडे झाले आणि जिकडेतिकडे त्यांचंच कौतुक. वास्तविक पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. आईबापांकडून आलेल्या एका जनुकाची ती करामत. त्याच वर्षी, जगात पहिल्यांदा, बंदिवासातल्या सुसरीच्या अंड्यांतून इथे पिल्लं बाहेर आली. त्यासाठी नर आणला होता थेट फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयातून. महानदीला जर्मन जावई! पुरा वाढलेला नर ओळखणं सोपं: नाकाच्या शेंड्यावर मडक्यासारखा फुगवटा. या घड्यावरूनच सुसरीचं हिंदी नाव ‘घडियाल’.

मादी वाळूत खड्डा करून तीस-पन्नास अंडी घालते. एकेक अंडं दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीची जवळजवळ तीन. ती उबवणीला हलवायची तर आधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करायची आणि तीच बाजू वर ठेवून उचलायचं. गर्भ आतून वरच्या कवचाला चिकटलेला असतो. अंडं उलटं झालं की तो मेलाच. वाळू किती तापते यावर नर की मादी हेही ठरतं.

पिल्लं साधारण चार फुटांची होईपर्यंत सांभाळून नदीत सोडतात, कारण लहानपणी बगळ्यापासून घोरपडीपर्यंत सगळेच त्यांना खातात. महानदीत अशी शेकड्यांनी सोडली, टिकली अगदी थोडी. लांब, दातेरी तोंड मासेमारीच्या जाळ्यात अडकतं, श्वासाला वर येता येत नाही, आणि पाण्यातच जगणारा प्राणी पाण्यात गुदमरतो. ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’ म्हणणारे आपण. जाळ्याला तेवढीही भीडभाड नसते. महानदीवरच्या सातकोसियाच्या घळीत नैसर्गिक घरट्यातली 28 पिल्लं दिसली ती थेट 2021 साली, चारेक दशकांनी.

बघायचीच तर थंडीत, सकाळी ऊन चढल्यावर जावं. सोमवारी दार बंद असतं. थंडीच्या उन्हात सुसरी वाळूवर येऊन पडतात. जबडा वासलेला दिसला तर ती चवताळलेली नाही, डोक्यातली उष्णता बाहेर सोडतेय. शंभरावर दात आहेत, मोजायला भरपूर सवड मिळते.