पेन काढून बसलेल्या ताई

मी कोर्ट नाक्याला, ठाण्यात, एका वकीलसाहेबांकडे ज्युनियर आहे. मागच्या आठवड्यात कळव्याहून दोन भावंडं आणि त्यांची आई आली होती. वडील वारलेले, फ्लॅट त्यांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्र नाही आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव. ड्राफ्ट तयार होता, वाचून दाखवायचा आणि रजिस्ट्रेशनला जायचं एवढंच काम.

ताई पर्समधून पेन काढूनच बसल्या होत्या. मी सवयीने विचारलं, कशावर सही करताय माहितीये ना, तर म्हणाल्या हो, सोसायटीची एनओसी, दादाचं नाव शेअर सर्टिफिकेटवर लावायचंय. आणि समोरच्या कागदावर वर ठळक अक्षरात 'हक्कसोडपत्र'! मी दुसऱ्या पानावरची ओळ बोट ठेवून वाचली, "माझा अविभक्त हिस्सा विनामोबदला व कायमस्वरूपी सोडून देत आहे". अविभक्त म्हणजे काय हो, त्यांनी विचारलं. म्हटलं, अजून वाटणी न झालेला. वडिलांच्या माघारी तुम्ही तिघं वारस, तिघांचा सारखा एक तृतीयांश, तुमचा तो हिस्सा या सहीने जाणार, आणि रजिस्टर झालं की नुसतं "मला नको होतं" म्हणून परत फिरवता येत नाही.

दादा एकदम म्हणाले, अहो पण नॉमिनी मी आहे ना, फ्लॅट माझाच झाला की! ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसंच वाटत होतं आणि असं वाटणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. मुलीला हक्क २००५ नंतरच मिळाला असंही ते म्हणाले, पण २००५ ची कायद्यातली दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची, वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे.

आईंनी विचारलं, मग नॉमिनी कोण गं? म्हटलं, आजी, राखणदार. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा तेवढ्यापुरतं नाव, पीक वारसांचं.

आमचे पक्षकार दादाच होते, त्यामुळे साहेबांनी ताईंना स्पष्ट सांगितलं, तुम्ही तुमचा वेगळा वकील विचारा, हिस्सा सोडायचाच असेल तर समजून सोडा. मला ते फार बरं वाटलं. ताईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, मला हे घरी नेऊन वाचायचंय. दादा दोन मिनिटं गप्प बसले, मग ड्राफ्ट उचलला आणि स्वतःच खाली झेरॉक्स काढायला गेले.